लेटेक्सची गादी घेताय? आधी वरचा थर कुठला ते विचारा

पाठ दुखतेय असं कुणाजवळ नुसतं म्हणून बघा, पुढचं वाक्य ठरलेलंच असतं, "कडक गादीवर झोपत जा". डॉक्टरसुद्धा कित्येक वर्षं हेच सांगायचे. मग माणूस लेटेक्सची, म्हणजे रबराच्या चिकाच्या फोमची, गादी बघायला जातो, सगळ्यात कडक मॉडेल कुठलंय विचारतो, त्यावर जरासा उताणा पडतो, हं बरी आहे म्हणतो आणि घेऊन येतो. आणि काही दिवसांनी कंबर ठीक पण आता खांदा धरलाय, रात्री हाताला मुंग्या येतात, अशी नवीन तक्रार सुरू. ओळखीपाळखीत हे इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणी मला लेटेक्सबद्दल विचारलं की मी आधी उलट विचारते, तू झोपतोस कसा? कुशीवर, उताणा की पालथा? आणि वजन किती? लोकांना वाटतं मी टाळतेय, पण खरंच याची उत्तरं कळल्याशिवाय कडक की मऊ हे सांगताच येत नाही.

कडक गादीचं हे जे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय त्याची एकदा नीट तपासणी झालेली आहे. 2003 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या कोवाक्स आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता, जुनी कंबरदुखी असलेले 313 लोक घेतले, काहींना कडक गाद्या दिल्या आणि काहींना मध्यम कडक, कुणाला कुठली मिळालीय हे सांगितलं नाही, आणि 90 दिवसांनी बघितलं तर मध्यम कडकवाल्यांचं झोपेतलं दुखणं, सकाळी उठतानाचं दुखणं आणि दिवसभराची हालचाल, सगळंच जास्त सुधारलेलं होतं. यात एक गंमत आहे. त्यांची पट्टी 1 ते 10 होती पण 1 म्हणजे सगळ्यात कडक, आणि मध्यम कडक गादी तिथे 5.6 ला होती. बऱ्याच कंपन्यांची पट्टी नेमकी उलटी असते, 10 म्हणजे दगड. त्यामुळे कुणी नुसतं "सहा घे" म्हटलं तर कुठल्या पट्टीवरचं सहा ते आधी विचारा. आणि एकीचं मिडियम दुसरीच्या फर्मपेक्षा कडक निघू शकतं, हे आकडे कंपन्या आपापलेच ठरवतात.

आता मूळ मुद्दा. मऊ वाटणं आणि आधार मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लेटेक्सची गादी एकावर एक थर रचून बनवता येते, त्यामुळे त्या वेगवेगळ्या निवडता येतात, म्हणून तर एवढा विचार करण्यात अर्थ आहे. फोमची एक टेस्ट असते, 4 इंच जाडीच्या तुकड्यावर 8 इंच व्यासाची गोल चकती दाबायची आणि तो एक इंच, म्हणजे 25 टक्के, दाबायला किती पाउंड जोर लागला ते मोजायचं. त्या आकड्याला आयएलडी म्हणतात. लेटेक्समध्ये साधारण 20 च्या खाली आकडा असेल तर सॉफ्ट, विशीतला असेल तर मिडियम, 30 च्या पुढे फर्म आणि चाळिशीला पोचला तर फारच टणक. थराची जाडी बदलली की आकडाही बदलतो, म्हणून हे तंतोतंत धरून बसू नका, अंदाजासाठी ठीक आहे.

पण याच्या पुढची टेस्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तोच तुकडा 65 टक्के दाबायला किती जोर लागतो तेही मोजतात आणि दोन्हींचं गुणोत्तर काढतात. साध्या फोममध्ये ते दोनच्या आसपास येतं, लेटेक्समध्ये तीनच्या आसपास. म्हणजे काय, तर लेटेक्स वरवर मऊ लागतं पण जसजसं दाबाल तसतसं ते जास्त जोरात उलटं ढकलतं. खांदा थोडा आत जातो पण कंबरेखालचं जड अंग रुतत जात नाही, मध्येच थांबतं. साध्या फोमवर मऊपणा हवा असेल तर आधार सोडावा लागतो, इथे तेवढा सोडावा लागत नाही. त्यामुळे पूर्वी फोमच्या मऊ गादीवर कंबर मोडली असेल तर तो अनुभव लेटेक्सला जसाच्या तसा लावून थेट सगळ्यात कडक गादी उचलू नका.

डनलॉप आणि तलाले हे दोन शब्द सगळीकडे दिसतील. या बनवायच्या पद्धती आहेत, ब्रँड म्हणून बघू नका. डनलॉपची पद्धत जुनी, 1929 मध्ये बर्मिंगहॅममध्ये डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेत निघाली, रबराच्या चिकाला फेस आणायचा, साच्यात ओतायचा आणि भाजायचा. भाजेपर्यंत जड कण खाली बसतात त्यामुळे थराची खालची बाजू वरच्यापेक्षा किंचित टणक होते. तलालेमध्ये साचा अर्धवट भरून हवा काढून घेतात, मग गोठवतात आणि नंतर भाजतात, त्यामुळे थर सगळीकडे सारखा होतो, हलका आणि जास्त उसळी मारणारा. म्हणून बरेच जण खाली डनलॉप आणि वर तलाले असं करतात. माझ्या मते पूर्ण डनलॉपनेही काही बिघडत नाही, वरचा थर बरोबर निवडला म्हणजे झालं.

कव्हरला चेन असेल तर उघडून बघाच. आत पिवळसर पांढरा थर दिसेल, त्याला रांगेत भोकं. ही भोकं साच्यातल्या धातूच्या काड्यांची असतात, भाजताना उष्णता आतपर्यंत पोचावी म्हणून. भोकं मोठी असतील तिथे माल कमी म्हणून मऊ, बारीक असतील तिथे टणक. काही गाद्यांमध्ये मुद्दाम पट्टे केलेले असतात, खांद्याखाली मोठी भोकं आणि कंबरेखाली बारीक, आणि त्याला पाच झोन सात झोन अशी नावं देतात. कल्पना चांगली आहे, पण हे पट्टे मधल्या उंचीच्या माणसाचा हिशोब धरून पाडलेले असतात. तुम्ही बुटके किंवा फार उंच असाल तर तुमचा खांदा टणक पट्ट्यावर येऊ शकतो आणि मग झोन नसलेली साधी गादी परवडली. मी तरी झोनसाठी जास्तीचे पैसे देणार नाही.

थर कसे निवडायचे? ढोबळमानाने वरचा थर झोपायच्या सवयीवरून आणि खालचे वजनावरून. समजा 3 इंचाचे तीन थर आहेत. कुशीवर झोपणाऱ्याला वर सॉफ्ट लागतोच, कारण खांदा आणि कमरेचं हाड ही दोन टोकं आत गेली नाहीत तर मधली कंबर अधांतरी लोंबते. उताण्या झोपणाऱ्याला वर मिडियम, म्हणजे कंबरेची खोबण भरून निघते पण बसकण खाली जात नाही. पालथं झोपणाऱ्यांना वर फर्मकडे झुकणारा मिडियम किंवा सरळ फर्म, नाहीतर पोट खाली जाऊन कंबर उलटी वाकते, आणि खरं सांगायचं तर पाठदुखीवाल्यांनी पालथं झोपायची सवयच कमी केलेली बरी, पण ते सांगून कुणी ऐकत नाही. रात्रभर सगळ्या कुशी बदलणारे असाल तर मिडियम घ्या आणि फार डोकं लावू नका.

वजनाचं गणित लोक विसरतात. एकच गादी 50 किलोच्या माणसाला टणक लागते आणि 95 किलोच्या माणसाला मऊ, कारण हलका माणूस वरच्या थरातच थांबतो आणि जड माणूस त्यातून खालच्या थरापर्यंत पोचतो. म्हणून दुसऱ्याचे रिव्ह्यू वाचताना त्याने वजन लिहिलं नसेल तर "फारच कडक आहे" या वाक्याला काडीचा अर्थ नाही. हलक्या माणसाने सगळे थर एक पायरी मऊ घ्यावेत, जड माणसाने मधला आणि खालचा एक पायरी टणक आणि एकूण जाडीही जास्त, 6 इंचात जड माणूस कुशीवर झोपला तर खालची फळी टोचल्याशिवाय राहत नाही. आमच्याकडे नवरा धिप्पाड आणि उताणा झोपणारा, मी हलकी आणि कायम कुशीवर. एकच फर्मनेस घेतला असता तर एकाची तरी पाठ गेलीच असती. आम्ही मधोमध चिरलेले थर घेतले, वरून कव्हर एकच, माझ्या बाजूला सॉफ्ट वर आणि त्याच्या बाजूला मिडियम. मधली चीर लागते का असं सगळे विचारतात. जवळजवळ नाही, आणि मधोमध झोपायची हौस असेल तर वरचा थर अखंड घेऊन खालचेच दोन चिरता येतात.

तपासायचं कसं, तर दुकानात बूट काढून, नेहमीच्या पोझमध्ये, नेहमीच्या जाडीची उशी घेऊन निदान पंधरा मिनिटं पडा, सेल्समन बघत असला तरी. उताणे असाल तर कंबरेखाली हात सरकवा. सहज आरपार गेला तर गादी तुम्हाला टणक आहे, शिरतच नसेल तर बसकण रुतलीय, थोडा घासत घासत गेला तर बरोबर. कुशीवर झोपणाऱ्यांसाठी मला आवडलेली युक्ती म्हणजे अंगाबरोबर बसणारा टीशर्ट घालायचा, मणक्यावर मानेपासून माकडहाडापर्यंत चिकटपट्टीचे छोटे तुकडे कुणालातरी लावायला सांगायचे, मग कुशीवर पडायचं आणि मागून, फोन गादीच्या उंचीला धरून, फोटो काढायला लावायचा. तुकडे एका सरळ रेषेत आले तर काम झालं. रेषा मध्ये कंबरेपाशी लोंबतेय आणि खाली हात जातोय म्हणजे वरचा थर टणक, खांदा आत जात नाहीये. रेषेचं माकडहाडाकडचं टोक खाली घसरलंय म्हणजे खालचे थर मऊ पडतायत. आणि सगळं सरळ असून नुसती मान वाकडी असेल तर ती उशीची भानगड आहे, गादीला दोष देऊ नका. मऊ गादीत खांदा आत गेला की उशी पातळ लागते, ही गोष्ट नवीन गादी घेतलेल्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात येते आणि मग ते मान धरून बसतात.

गादी बरोबर असूनही टणक लागते याचं अजून एक कारण म्हणजे वरचं कव्हर आणि प्रोटेक्टर. जाड शिवण घातलेलं, न ताणणारं कव्हर किंवा घट्ट बसणारा वॉटरप्रूफ प्रोटेक्टर घातला की लेटेक्स डफावरच्या कातड्यासारखं ताणलं जातं आणि मग आत किती का सॉफ्ट थर असेना, तो तुम्हाला जाणवतच नाही. थर बदलायच्या आधी एक रात्र प्रोटेक्टर काढून, सैल चादर टाकून झोपून बघा. खालचा बेडही बघा. पट्ट्यांचा असेल तर पट्ट्यांमधली फट 7-8 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर लेटेक्स त्या फटीत उतरतं आणि गादीला झोळ पडल्यासारखं वाटतं. सपाट फळी असेल तर गादी थोडी टणक लागते आणि खालून हवा खेळत नाही, मधून मधून उचलून ठेवा.

नवीन गादीवर पहिले काही दिवस अंग आंबल्यासारखं होतं, ते बहुतेकांना होतं. कव्हर सैल पडतं, थर किंचित नरम होतात, शरीरही जुन्या खड्ड्याची सवय सोडतं. त्यामुळे दोनतीन आठवडे काही बदलू नका. त्यानंतरही सकाळी उठताना दुखतंय आणि तासाभरात चालण्याफिरण्याने मोकळं होतंय तर गादीवर संशय घ्यायला हरकत नाही. खांदा किंवा कमरेचं हाड दुखत असेल, हात बधिर होत असेल तर वर मऊ थर आणा. कंबर दुखत असेल तर आधी बसकण रुततेय का बघा, असेल तर मधला थर टणक करा, वरच्याला हात लावू नका. दुखणं दिवसभर तसंच राहत असेल, पायात कळ उतरत असेल किंवा पाय बधिर होत असेल तर गादीचा नाद सोडा आणि डॉक्टरकडे जा, तिथे कुठलाच आयएलडी कामाचा नाही.

थर अदलाबदल करायचे असतील तर एकट्याने करायला जाऊ नका. लेटेक्स वाटतं त्यापेक्षा कितीतरी जड असतं, आणि बोटांनी टोकाला धरून ओढलं की त्या भोकांच्या रांगेत चराचरा फाटतं. दोघांनी मिळून गुंडाळी करत काढायचं, खालून हात घालून उचलायचं, आणि प्रत्येक थराच्या कडेला मार्करने सॉफ्ट, मिडियम, फर्म लिहून ठेवायचं कारण बाहेर काढल्यावर सगळे सारखेच दिसतात. आणि काढलेला थर उन्हात टाकू नका, ऊन लागलं की लेटेक्स पिवळं पडून त्याचा भुगा व्हायला लागतो, सावलीत उभं न करता आडवं ठेवा.