कवडीची जागा

ऑपरेशनचा दिवस, रात्री

कवडी साडेचारला परत आली. तिरंगी मांजरी, वय वर्षाच्या आतबाहेर, वजन २.६ किलो. सिंहगड रस्त्यावर गाडीखाली सापडलेला मागचा डावा पाय काढला आहे. हाड गुडघ्याखाली चुरलं होतं, तरी पाय मांडीच्या मध्याच्याही वरून काढला. खुंट लांब ठेवला तर मांजर तो टेकवायला बघतं, फरशीवर घासून कातडी फाटते आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. हिमोग्लोबिन ७.८ असल्यामुळे नसबंदी त्याच भुलीत उरकली नाही, आणि ते बरोबरच झालं.

आल्यावर ताप मोजला तर ३७.१. मांजराला ३८ ते ३९.२ हवा. भुलीत अंग गार पडतं, त्यात ही लहानखुरी आणि अर्धी भादरलेली. गरम पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून पाठीशी ठेवली, एकाच बाजूला. दोन्हीकडून ठेवली तर गुंगीतलं मांजर चटका बसला तरी सरकू शकत नाही. डोळे उघडेच राहतात, म्हणून बुबुळं सुकू नयेत यासाठी जेल घातलं. नऊ वाजता ३८.२. मान सावरू लागल्यावर चमचाभर मऊ खाणं दिलं, त्याआधी पाणीसुद्धा नाही.

पिंजरा तीन फूट बाय दोन फूट. खाली घडी केलेली गोधडी, वर शोषून घेणारा पॅड. टर्किश टॉवेल नको, त्याच्या दोऱ्यांत नख अडकतं. शी-शूच्या ट्रेची पुढची कड दोन इंचांवर कापली आहे आणि आत वर्तमानपत्राच्या पट्ट्या आहेत. बारीक लिटर, म्हणजे ट्रेत घालायची तयार माती, टाक्यांना चिकटतं, ओलं झालं की तिथेच गोळा होतं.

दुसरा दिवस

शू झाली, मोठं काम झालं. चोवीस तासांत झाली नसती तर तपासायला न्यावं लागलं असतं. अपघातात मूत्राशयाला इजा झालेली पहिल्या तपासणीत निसटू शकते.

खाणं मात्र नाही. या वजनाच्या मांजराला नुसतं पडून राहायलाही दिवसाला १४० च्या आसपास कॅलरी लागतात. ८५ ग्रॅमच्या ओल्या खाण्याच्या पाकिटात साधारण ६०-७० असतात, म्हणजे रोज दोन पाकिटं तरी पोटात जायला हवीत. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि चांगली झालेली शस्त्रक्रियाही वाया जाते. खाणं कोमट केलं, कारण मांजर आधी वासाने जेवतं. उकडलेल्या चिकनचं पाणी वर घातलं, कांदा-लसूण न घालता. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात आणि हिच्याकडे त्या आधीच कमी आहेत. संध्याकाळपर्यंत अर्धं पाकीट गेलं.

खात नाही म्हणजे दुखतंय का, हे तोंडावरून ओळखावं लागतं. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली यासाठी सोपी मोजपट्टी दिली: कान, डोळे, नाकातोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची पातळी, प्रत्येकाला ० ते २ गुण. दहापैकी चार झाले की दुखणं थांबवायला हवं. दुपारी कवडीचे पाच होते. डोळे अर्धे मिटलेले, कान बाहेर वळलेले, डोकं खांद्यांच्या खाली. त्या वेळी ती गुरगुरतही होती. गुरगुरणं म्हणजे सुख असं धरून चालू नये, वेदनेतही मांजरं गुरगुरतात. डॉक्टरांनी फोनवर वेदनाशामकाची वेळ अलीकडे आणली. घरातली गोळी स्वतःच्या मनाने द्यायचीच नाही. पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही, ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जीव घेऊ शकते.

चौथा दिवस

काल कोणीतरी मायेने पिंजरा उघडला. “किती कोंडून ठेवायचं बिचारीला?” कवडी खिडकीच्या कट्ट्यावर चढली आणि उतरताना घसरली. आज जखमेखाली लिंबाएवढी मऊ फुगवटी आहे. आतले थर एकमेकांना चिकटायच्या आत हालचाल झाली की मधल्या पोकळीत पाणी साठतं. पू नाही, वास नाही, हाताला गरम लागत नाही, म्हणजे घाबरायचं कारण नाही. दाबायचं नाही, सुई टोचायची नाही. थोडं असेल तर शरीरच शोषून घेतं. फक्त पिंजऱ्याचे दिवस वाढले.

बारा-चौदा दिवस पिंजरा ही शिक्षा नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. घाबरलेल्या मांजराला मोठ्या खोलीत लपायचे कोपरे शोधावे लागतात, लहान जागेत तो शोध संपतो. पिंजऱ्याच्या तीन बाजूंवर चादर टाकली तर तासाभरात श्वास मिनिटाला ३० च्या खाली येतो, ती निजते. औषधासारखी जागाही मोजून द्यावी लागते.

सहावा दिवस

पावसाची रिपरिप थांबत नाही, माशा आल्या आहेत. ओल्या जखमेवर माशी बसली की एका दिवसात अळ्या दिसू शकतात, म्हणून पिंजऱ्यावर मच्छरदाणी. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं परमेथ्रिनचं औषध जवळपासही नको, मांजराला त्याने झटके येतात. फरशीला पाण्यात दुधाळ होणारी फिनाइलसारखी जंतुनाशकंही नकोत. ती पंजाला लागतात आणि मांजर पंजे चाटतं.

चाटू नये म्हणून घातलेली गळ्यातली शंकूसारखी कॉलर नाकाच्या इंचभर पुढे आणि आत दोन बोटं जातील इतकी सैल हवी. जिभेवरच्या काट्यांनी टाके एका रात्रीत निघतात. जेवताना समोर बसून ती काढतो, नंतर लगेच घालतो. रक्तातल्या जंतूंसाठीच्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळीवर सिरिंजने पाच मिली पाणी पाजायचंच. गोळी कोरडी अडकली तर अन्ननलिका भाजते आणि पुढे आकसते.

चौदावा दिवस

टाके निघाले. फुगवटी जिरली, वजन २.८. आता अर्धी खोली तिची.

गुळगुळीत फरशीवर उरलेला मागचा पाय बाहेर घसरतो, म्हणून सतरंजीच्या पट्ट्या ट्रेपासून ताटलीपर्यंत आणि तिथून खिडकीपर्यंत अंथरल्या. कट्ट्याखाली एक पाट आणि त्यावर जाड उशी, म्हणजे उंची दोन टप्प्यांत चढता येते. तिचं वजन वाढू द्यायचं नाही, सगळा भार आता तीन पायांवर आहे.

डावा कान रोज तपासायचा. तो खाजवणारा पायच नाही, त्यामुळे आतला मळ आणि पिसवा तशाच राहतात.

सव्विसावा दिवस

हिमोग्लोबिन १०.४. ल्युकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांच्या विषाणूंची चाचणी निगेटिव्ह. ट्रायकॅट या मांजरांच्या तीन रोगांवरच्या लशीचा पहिला डोस दिला, दुसरा साडेतीन आठवड्यांनी, त्याच वेळी रेबीज. नसबंदी पुढच्या आठवड्यात.

दोन घरांनी विचारलं. एक शनिवार पेठेतला वाडा, प्रेमळ माणसं, पण त्यांच्या घरी मांजरं कौलांवरून मोकळी फिरतात. तीन पायांचं मांजर कुत्र्यापुढे भिंत गाठू शकत नाही. नाही म्हणताना वाईट वाटलं, पण नाहीच. दुसरं घर कोथरूडला, तिसरा मजला. तिथल्या काकूंनी एकदाही बिचारी म्हटलं नाही, ती किती खाते आणि कुठे झोपते हे विचारलं. बाल्कनीला कबुतरांची नायलॉनची जाळी आहे. ती मांजर दातांनी तोडतं, आणि गजांमधल्या चार इंचांतून कवडी सहज जाते. तारेची जाळी लावून घ्या म्हटलं, एक इंचाची, खालची कडही पक्की. काकूंनी माणूस ठरवला आहे, रविवारी येतोय.

तिथेही पहिले आठ-दहा दिवस एकच खोली. इथलंच खाणं, त्याच कागदाच्या पट्ट्या, आणि ही गोधडी न धुता सोबत द्यायची.

आता ती पाटावर बसली आहे. डाव्या कानामागे बोट फिरवलं की मांडीचा खुंट हवेत भराभर हलतो, जणू खाजवणारा पाय तोच आहे.