तुम्ही विचारलंत म्हणून: तू तर काही मानत नव्हतीस

"तू तर काही मानत नव्हतीस. मग आता हे काय?"

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी. बँकेतल्या जुन्या मैत्रिणी विचारतात, सोसायटीतले विचारतात, इस्राएलमधल्या अश्दोदहून भाचा व्हिडिओ कॉलवर विचारतो. शुक्रवारी सूर्यास्ताआधी मी दिवे लावते, शनिवारी तारे दिसेपर्यंत फोन बंद ठेवते, पाण्याचा घोट घ्यायच्या आधी ओठांतल्या ओठांत काही म्हणते, हे सगळ्यांच्या लक्षात आलंय. विचारणाऱ्यांकडे उत्तरंही तयार असतात. रिटायर झालीस, वेळ जात नसेल. वय झालं, मरणाची भीती वाटत असेल. भाच्याला ही इस्राएलला येण्याची पूर्वतयारी वाटते. एका शेजारणीने तर सरळच विचारलं, "दृष्टान्त झाला का हो?"

दृष्टान्त झाला नाही. तोंडी मी हे इतक्यांदा अर्धवट सांगितलंय, आणि प्रत्येक वेळी समोरच्याने मधेच आपलं उत्तर घातलंय, की आता एकदा नीट लिहूनच टाकते. आमच्या पूर्वजांचं नवगावच्या किनाऱ्याला फुटलेलं तारू, शनिवार तेली हे आमचं नाव, गावावरून आलेल्या आडनावातलं "कर" हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, ते सोडून देते. इस्राएलच्या राजकारणाबद्दल माझं मत काय, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर इथे नाही.

माझी आई अलिबागच्या इस्राएल आळीतली. लग्न होऊन ठाण्याला आली. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे धर्मग्रंथातल्या ओळी ठेवलेल्या डबीला, बोटं लावायची, ती ओठांना टेकवायची आणि मगच उंबरा ओलांडायची. रात्री झोपताना आम्हा भावंडांकडून शेमा, म्हणजे देव एकच आहे ही प्रार्थना, म्हणून घ्यायची. तिला हिब्रू वाचता येत होतं, समजत नव्हतं. कॉलेजात असताना मी तिला विचारलं, अर्थच माहीत नाही तर कशाला म्हणतेस? भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, "तू आधी म्हण तर. मग बघू." हे काय उत्तर झालं, असं मला वाटलं होतं.

मग माझा भाऊ गेला. कावीळ झाली होती, बावीस वर्षांचा होता. हॉस्पिटलच्या जिन्यात आईला सांगितलं, तेव्हा तिने पोलक्याचा गळा टरकन फाडला आणि म्हणाली, "बारुख दायान हाएमेत." खऱ्या न्यायाधीशा, तू धन्य. मिश्नात, म्हणजे आमच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात, तसंच सांगितलंय, चांगल्यासाठी बराखा, म्हणजे देवाला धन्य म्हणणारी छोटी प्रार्थना, म्हणावी तशीच वाईटासाठीही म्हणावी. मी शेजारीच उभी होते. असल्या न्यायाला धन्य म्हणणाऱ्या तोंडाची मला चीड आली. त्यानंतर कित्येक वर्षं सणाला चिकाचा हलवा खाण्यापुरती आणि मालिदाच्या ताटापुरतीच मी यहुदी होते.

नोकरी बँकेत. दर शनिवारी अर्धा दिवस काउंटर चालू असायचा, महिन्यातले दोन शनिवार सुट्टीचे झाले ते २०१५ साली. म्हणजे ज्यांनी शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून गावाने शनिवार तेली हे नाव दिलं, त्यांची मी नात-पणत शनिवारी नोटा मोजत होते, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. हे मी पश्चात्ताप म्हणून सांगत नाही. घर त्या पगारावर चाललं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा जाईन.

आता जे झालं ते सांगते. तुम्हाला हवं तसं ते नाही.

रिटायर व्हायच्या काही वर्षं आधी एका शुक्रवारी पहाटे फोन आला. आमच्यातल्या एक म्हाताऱ्या मावशी रात्री गेल्या होत्या. माझी त्यांची ओळख टेंभी नाक्याच्या सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनामंदिरात, सणाला दिसण्याइतकीच. फोन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "आंघोळ घालायला एक बाई कमी पडतेय. तू येशील का?"

आमच्यात बाईला बायकाच न्हाऊ घालतात. त्याला तहारा म्हणतात. ते काम ठरलेल्या बायका करायच्या, पण त्यातल्या एक लेकीकडे इस्राएलला गेलेल्या, एकींचे गुडघे गेलेले. स्वातंत्र्याच्या सुमारास आम्ही वीस हजारांच्या आसपास होतो, आता पाच हजारही उरलो नाही. ही आकडेवारी लोक हळहळत ऐकतात. त्या पहाटे तिचा अर्थ एवढाच होता की बादली उचलायला हात नव्हते, आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रामदिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागायच्या आत दफन व्हायला हवं होतं. मी म्हणाले, मी काही मानत नाही. बाई म्हणाल्या, "तुझ्या मानण्याचं कुणी विचारलंय? तुला बादली उचलता येते ना?"

बँकेत उशिरा येते म्हणून कळवलं आणि गेले.

जुनं बैठं घर. मागच्या खोलीत फरशीला मोरीकडे उतार होता, तिथे फळीवर त्यांना ठेवलं होतं, वर पांढरी चादर. आम्ही चौघी. म्होरक्या बाईंनी दार लावलं, आम्ही हात धुतले. मग त्यांनी मावशींचं नाव घेतलं, त्यांच्या बापाचं नाव घेतलं आणि सरळ त्यांच्याशी बोलल्या: आमच्या हातून काही चुकलं, तुमचा मान राखायचा राहिला, तर क्षमा करा. आधी हिब्रूत, मग मराठीत. समोर गेलेलं माणूस, आणि त्याची परवानगी घ्यावी तसं चाललेलं.

नियम त्यांनी मला तिथल्या तिथे सांगितले. कामापुरतंच बोलायचं. जेवढा भाग धुवायचा तेवढ्यावरचीच चादर बाजूला करायची, धुऊन झाला की लगेच झाकायचा. त्यांना पालथं करायचं नाही, कुशीवर वळवायचं. आधी डोकं, मग उजवी बाजू, मग डावी. आणि काही द्यायचं-घ्यायचं असेल तर त्यांच्या अंगावरून हात लांब करायचा नाही, फळीला वळसा घालून जायचं.

माझ्याकडे हात आले. नखं साफ करायची होती, आणि नखांना गुलाबी नेलपेंट होतं. घरात कुणाचं लग्न होऊन गेलं होतं, नातीने हौसेने लावलेलं असणार. अंगावर काही राहू द्यायचं नाही, पाण्याच्या आड काही येता कामा नये. मला रिमूव्हरची बाटली आणि कापूस दिला. मी खाली बसले आणि एकेक बोट धरून पुसायला लागले. बोटं गार होती, ताठरायला लागली होती. उजव्या अंगठ्याच्या कडेला विळीने पडलेल्या बारीक काळ्या रेघा होत्या, वर्षानुवर्षं मासे कापणाऱ्या हाताला पडतात तशा. करंगळीवरचा रंग निघता निघेना. नखाच्या कोपऱ्यात एक ठिपका राहिला होता, कफनाच्या आत तो कुणालाही दिसणार नव्हता. मी कापसाचा बोळा काडीला गुंडाळून तो काढला.

नवा कापूस पलीकडच्या बाईंकडे होता. मी सवयीने हात पुढे केला. त्यांनी मान हलवली, उठल्या, फळीला पूर्ण वळसा घालून माझ्याकडे आल्या आणि कापूस दिला. सत्तरीच्या पुढच्या बाई, ओल्या फरशीवर, भिंतीला धरून. दार बंद होतं. घरचे बाहेर होते, त्यांना काही दिसत नव्हतं. फळीवरच्या मावशींना आता काही कळणार नव्हतं. माझ्या डोक्यात आलं, हा वळसा कुणासाठी?

मग पाणी. तीन बादल्या, एकीची धार संपायच्या आत दुसरीची सुरू व्हायला हवी, मधे खंड पडायला नको. म्होरक्या बाई "तेहोरा ही" म्हणत होत्या, ती शुद्ध आहे, ती शुद्ध आहे. माझी बादली तिसरी होती. हात थरथरत होते, पण धार तुटू दिली नाही. पुसून, पांढरे कपडे चढवून झाले. त्यांच्या नाड्यांना गाठ मारायची नसते, नुसता पीळ देऊन फास अडकवायचा. आमच्या पवित्रशास्त्रातल्या गीतरत्नातल्या ओळी म्हटल्या जात होत्या, मस्तक उत्तम सोन्याचं आहे म्हणून. ती ओळ मी इतकी वर्षं प्रेमगीत म्हणून ऐकलेली, आणि समोर विरळ पांढरे केस. शेवटी पुन्हा नाव घेऊन क्षमा मागितली, या वेळी मीही.

इथे तुम्ही विचारता, मग काय वाटलं? खरं सांगते, त्या खोलीत मला काहीही वाटलं नाही. देव जवळ आल्यासारखं वाटलं नाही, रडूही आलं नाही. घरी आले, डोक्यावरून पाणी घेतलं, वरणभात खाल्ला, दुपारी काउंटरवर बसले. पण तो वळसा डोक्यातून जाईना. तोरा, म्हणजे आमचं धर्मशास्त्र, शिकवणारे लोक मृताच्या सेवेला "हेसेद शेल एमेत" म्हणतात, ज्याची परतफेड होऊच शकत नाही असं चांगुलपण. ती शिकवण मी लहानपणी ऐकली होती. ते चांगुलपण फरशीवरून चालत गेलेलं मात्र पहिल्यांदा पाहिलं. इतक्या अचूकपणे, कुणी बघत नसताना, ही माणसं असं वागतात जणू खोलीत आणखी कुणीतरी आहे. मला ते कुणी जाणवलं नाही. पण तो नाही असं म्हणायचं बळ त्या दिवशी कमी झालं.

जुनी मी लगेच म्हणते, ही भावनिक पळवाट आहे. चांगली माणसं देवाशिवायही चांगली असतात, वळसा घालायला देवाने मोशेला नियम दिले तो सिनाय पर्वत लागत नाही. हो, लागत नाही. बँकेत असे सहकारी होते, एकही प्रार्थना न म्हणणारे, माझ्यापेक्षा कितीतरी भले. पण मी त्या वळशापर्यंत माझ्या बुद्धीने पोचले नव्हते, आणि माझी आई, तिची आई पोचल्या होत्या. आमच्या पूर्वजांकडे कोकणात शतकानुशतकं ना पुस्तकं होती ना रब्बी, म्हणजे धर्मगुरू. हिब्रू विसरले. उरलं काय, तर सुंता, खाण्यापिण्याचे नियम, शनिवार आणि शेमाची ती ओळ. "दरफाळणीच्या सणाला" दारं लावून उपास करायचे, आणि जगभरचे यहुदी त्याच दिवसाला योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणतात हे त्यांना नंतर कळलं. मी कॉलेजात याला आंधळेपणा म्हणायचे. आज म्हणवत नाही. त्यांनी अर्थाची वाट बघत घाणा चालू ठेवला असता, तर मला विचारायलाही काही उरलं नसतं.

म्हणून मी आईचं ऐकलं. आधी म्हणायला लागले. सुरुवात शब्बाथपासून झाली नाही, बाथरूमपासून झाली. लोकांना हे ऐकून अवघडल्यासारखं होतं, पण आमच्यात संडासाहून आल्यावर म्हणायची बराखा आहे, तालमुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, अबाय्ये या रब्बीच्या नावाने दिलेली: ज्याने माणसाला शहाणपणाने घडवलं, त्यात छिद्रं आणि पोकळ्या केल्या, त्यातलं एक जरी बुजलं किंवा फुटलं तरी तुझ्यापुढे उभं राहता येणार नाही. एक देह आतून-बाहेरून स्वच्छ करून आलेल्या बाईला ही प्रार्थना समजावून सांगावी लागत नाही. मग सकाळी डोळे उघडल्यावरची, जीव परत दिल्याबद्दलची. मग पाण्याची. रिटायर झाल्यावर शुक्रवारचे दिवे आणि आईसारखं काळ्या मनुका भिजवून केलेलं किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीच्या प्रार्थनेचं, सरबत. दिवसाला शंभर बराखा म्हणाव्यात असं रब्बी मेइर सांगतो. माझ्या तेवढ्या होत नाहीत.

याला श्रद्धा म्हणायचं का? काही शुक्रवारी दिव्यांवर हात धरून डोळे झाकते तेव्हा नक्की वाटतं की ऐकणारा आहे. काही शुक्रवारी फक्त वाती सरळ आहेत ना एवढंच बघते. आणि सगळंच मला पटतं असं नाही. मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या गणसंख्येला, दहा पुरुष लागतात. नऊ जमले आणि वर गॅलरीत आम्ही डझनभर बायका बसलो असलो, तरी कद्दिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही. मृताला न्हाऊ घालायला आम्ही चालतो, मोजायला चालत नाही. यावरून मी म्होरक्या बाईंशी भांडले, मुलगी माझ्याशी भांडते. तिला द्यायला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. तरी जाते.

त्या पहिल्या फोननंतर मी त्या बायकांतली एक झाले. आता नव्या येणारीला नियम मीच सांगते, वळशाचाही. पण दार उघडून बाहेर आल्यावर घरचे "बारुख दायान हाएमेत" म्हणतात, तिथे माझं तोंड मिटतं. जिन्यातली आई दिसते, तिचा फाटका गळा दिसतो, आणि बावीस वर्षांचा भाऊ. तेव्हाचा माझा प्रश्न जुना झालेला नाही. आईला तो पडला होता का, आणि पडूनही तिने म्हटलं का, हे विचारायचं राहिलं. बाकीच्या सगळ्या बराखा म्हणते, ही अजून म्हणत नाही. म्होरक्या बाईंना ते माहीत आहे. त्या मला काही बोलत नाहीत, दर वेळी बादल्या भरायला बोलावतात.