नवं यरुशलेम खाली उतरतं

आज दुपारभर बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, 21वा अध्याय ग्रीकमधून वाचत बसले, शब्दकोश शेजारी, एकेक ओळ सावकाश, आणि अजून डोक्यातून जात नाहीये. आपल्याकडे नेहमी बोलतात की मेल्यावर वर स्वर्गातल्या नगरीत जायचं, पण इथे हे दर्शन सांगणाऱ्या योहानाला ती नगरी, नवं यरुशलेम, देवापासून खाली उतरताना दिसते, ग्रीकमध्ये काताबाइनूसान, आणि लगेच वाणी होते की देवाचा तंबू, म्हणजे त्याचं राहण्याचं ठिकाण, आता माणसांमध्ये आहे. किती मोठी गोष्ट आहे ही!

मग मोजमाप बघा, लांबी रुंदी उंची सारखीच, 12,000 स्तादिया (अंतराचं जुनं ग्रीक माप), म्हणजे साधारण 2,200 किलोमीटर. एवढी ठोकळ्यासारखी नगरी का, तर शलमोन राजाच्या यरुशलेममधल्या मंदिरातलं परमपवित्र स्थान, म्हणजे देवाचा वास मानला जायचा ती सगळ्यात आतली खोली, तीही अशीच होती, तिन्ही बाजूंनी 20 हात, आणि तिथे वर्षातून एकाच दिवशी फक्त महायाजक जायचा. आता अख्खं शहरच ते स्थान झालंय, म्हणून तर आत वेगळं मंदिर नाही.

मला सगळ्यात जास्त भिडल्या त्या 12 वेशी, कधीच बंद न होणाऱ्या. त्या काळी रात्री वेस लावणं म्हणजे शहराचा जीव वाचवणं, आणि इथे रात्रच नाही, राष्ट्रंच्या राष्ट्रं आपलं वैभव घेऊन आत येतायत. उद्या 22वा अध्याय घेणार, कोणाला सोबत वाचायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा.