फॉर्म अर्धा सोडून व्हॉट्सॲपवर गेलेला माणूस

माझे मामा तासगावजवळ द्राक्षबाग करतात. मागच्या मोसमात त्यांना एका ॲपवर पिकाची नोंदणी करायची होती. "तुझंच काम आहे गं हे," म्हणून त्यांनी फोन माझ्याकडे दिला. मी तो परत त्यांच्याच हातात ठेवला आणि शेजारी बसून बघत राहिले. ॲप डिझाइन करणाऱ्यांना ही खोड असतेच.

नाव, गाव, बँक खातं सगळं नीट भरून झालं. मग आला गट नंबर. तो काही तोंडपाठ नव्हता. सातबाऱ्याचा फोटो मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवला होता. मामा तिकडे गेले, फोटो मोठा करून पाहिला, नंबर पुटपुटत परत आले, तर फॉर्म कोरा! "माझंच काहीतरी दाबलं गेलं बघ," म्हणाले आणि पुन्हा नावापासून सुरू झाले.

त्यांनी काहीच चुकीचं दाबलं नव्हतं. कमी रॅमच्या फोनवर तुम्ही दुसऱ्या ॲपमध्ये गेलात की अँड्रॉइड मागचं ॲप मेमरीतून काढून टाकू शकतं. परत आल्यावर ते नव्याने उभं राहतं. तोवर भरलेली माहिती जपून ठेवायची सोय अँड्रॉइडमध्ये पहिल्यापासून आहे, फक्त ती वापरावी लागते. आमच्या महागड्या फोनवर ॲप मेमरीतच राहतं, म्हणून ऑफिसात हा घोळ कुणाला दिसत नाही.

युजेबिलिटीचा, म्हणजे वापरायला सोपं कसं करायचं याचा, विषय निघाला की त्यातले जाणकार जेकब नीलसन यांचे १९९४ सालचे दहा नियम हमखास समोर येतात. नियम चांगलेच आहेत, मीही नवीन मुलांना तेच शिकवते. पण तेव्हा माणूस टेबलापाशी, संगणकापुढे बसलेला असायचा. फोनवाला बसलेला नसतो. मध्येच कॉल येतो, एसटी येते, ओटीपी बघायला मेसेजमध्ये जावं लागतं. काम तुटणारच, हे धरूनच स्क्रीन आखायला हवी. माझ्या लेखी मोबाइलचा पहिला नियम हा, बाकीचे त्यामागून.

बाकीच्यांतलं बटणांचं माप तर सगळ्यांना पाठ असतं: अँड्रॉइडसाठी ४८ डीपी (स्क्रीनवरचं मोजायचं एकक), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, आणि ॲपलकडे त्यांच्या एककात ४४ पॉइंट. तरी 'रद्द करा' आणि 'जमा करा' एकमेकांना खेटून ठेवणारे महाभाग भेटतातच.

मराठीचा त्रास मात्र वेगळाच. इंग्रजी अक्षरांच्या बेताने आखलेल्या चौकटीत आपली वेलांटी वरून कापली जाते, उकार खालून. त्यात मामांसारख्यांनी फोनचा फॉन्ट मोठा केलेला असतो. मग यादीत 'द्राक्ष पीक विमा अर्…' अशा दोन ओळी एकाखाली एक दिसतात. यंदाचा अर्ज कुठला नि गेल्या वर्षीचा कुठला, ओळखा! वेगळेपण सांगणारं साल नेमकं शेवटी असतं आणि तेच कापलं जातं. 'यंदा' आणि 'मागील वर्ष' हे आधी लिहिलं, ओळीची उंची वाढवली आणि मजकुराला दुसऱ्या ओळीत जाऊ दिलं की भागतं. यासाठी संशोधन लागत नाही, भाषा मराठी आणि फॉन्ट सगळ्यात मोठा करून एकदा ॲप उघडलं तरी पुरे.

फॉर्म कोरा होतो का, हे तपासणंही सोपं आहे. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' म्हणून एक बटण असतं. ते चालू केलं की तुम्ही सोडलेली प्रत्येक स्क्रीन फोन लगेच मोडून टाकतो. अर्धा फॉर्म भरायचा, व्हॉट्सॲप उघडायचं, परत यायचं. आता टीममध्ये नवीन फॉर्म माझ्याकडे आला की रंग, आयकॉन वगैरे बघण्याआधी मी हेच करते. डेव्हलपर मंडळी वैतागतात, पण हल्ली पाठवण्याआधी स्वतःच ते बटण चालू करून बघतात.