तुम्ही विचारलंत म्हणून: युनायटेड की सिटी?

मी वीस वर्षं मँचेस्टरला काढून मिरजेला परतले, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. बँकेतल्या मुलीपासून व्याह्यांपर्यंत सगळे तिथल्या दोन फुटबॉल संघांचं विचारतात, "मग तुम्ही युनायटेडच्या की सिटीच्या?" मी म्हणते, बेल व्ह्यूच्या. नाव ओळखीचं नसतं, त्यामुळे विषय तिथेच संपतो. परवा भाचीच्या मुलाने मात्र पिच्छा सोडला नाही. "आजी, बेल व्ह्यू म्हणजे काय ते नीट सांग." बेल व्ह्यू हा मँचेस्टरचा स्पीडवेचा संघ; स्पीडवे म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकलींच्या शर्यती. तोंडी सांगितलं ते अर्धंमुर्धं राहिलं, म्हणून लिहायला बसले.

मी 1974 साली नर्स म्हणून तिकडे गेले आणि गॉर्टन भागात एका विधवा बाईंकडे खोली घेतली. बाई साठीच्या पुढच्या, कमी बोलणाऱ्या. पण शनिवारी दुपारपासून त्यांची लगबग सुरू व्हायची. थर्मासमध्ये चहा, सँडविचेस, गुडघ्यावर घ्यायची शाल आणि पर्समध्ये दोन पेन्सिली. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी त्या म्हणाल्या, "खोलीत एकटी बसून रडण्यापेक्षा चल माझ्याबरोबर." मी रडत होते हे त्यांना भिंतीपलीकडून कळत होतं.

हाइड रोडवरच्या बेल व्ह्यूच्या स्टेडियममध्ये शिरले आणि पहिली गोष्ट जाणवली ती वास. एरंडेलाचा! लहानपणी आजी नाक दाबून पाजायची ते एरंडेल. मला वाटलं, घरच्या आठवणीने डोकं फिरलं की काय. पण भास नव्हता तो. मिथेनॉलवर चालणाऱ्या त्या इंजिनांत एरंडेलापासून केलेलं वंगण घालत, आणि ते जळलं की सगळ्या मैदानावर तो जाड, गोडसर वास पसरायचा. कॅस्ट्रॉल हे नावच मुळी एरंडाच्या इंग्रजी नावावरून आलंय. परक्या देशात, सप्टेंबरच्या थंडीत, आजीच्या माजघराचा वास आला. त्यात बऱ्याच गाड्यांवर नाव होतं जावा. आमच्या थोरल्या दादाकडे म्हैसूरला तयार झालेली जावा होती. इथल्या जावा चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या, खास शर्यतीच्या, पण अक्षरं तीच.

खेळ समजायला अगदी सोपा. लंबगोल ट्रॅक, चार रायडर, चार फेऱ्या, एक-सव्वा मिनिटात शर्यत संपते. 500 सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, गिअर एकच, आणि ब्रेक नाहीच. पुढच्या चाकाला नाही, मागच्याही नाही. दाटीत एकाने कचकन ब्रेक दाबला तर मागचा त्याच्यावर जाऊन आदळेल, म्हणून ब्रेक नसणंच बरं. वळणावर गाडी आडवी करायची, मागचं चाक बाहेर घसरू द्यायचं, पुढचं चाक उलट्या दिशेला वळवायचं आणि डाव्या बुटाला बांधलेला लोखंडी तळ जमिनीवर टेकवत सगळं फक्त थ्रॉटलवर सांभाळायचं. जमीन म्हणजे लाल खरीची, तिकडे शेल म्हणतात, आपल्या मुरमाची बहीण. पहिल्या वळणाशी उभं राहिलं की तिचा फवारा अंगावर यायचा. घरी गेल्यावर केसांतून, कानांतून ती निघायची.

चौघांत दोघे आपल्या संघाचे, दोघे पाहुण्यांचे. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, शेवटच्याला शून्य. तेव्हा एका सामन्यात अशा 13 शर्यती व्हायच्या. आपले दोघे पहिले-दुसरे आले तर 5-1. त्या 5-1 मध्ये माझा सगळा जीव अडकला. कारण असं की पुढे गेलेला रायडर नुसता सुसाट पळत सुटत नाही. तो वळणावर मान वळवून बघतो, आपला जोडीदार कुठे आहे. जोडीदार तिसरा असेल तर हा आपला वेग थोडा कमी करतो, बाहेरच्या बाजूला सरकतो, मागून येणाऱ्याची वाट अडवतो आणि जोडीदाराला आतून वर घेतो. हातात ब्रेक नाही, चाकाखाली जमीन सरकतेय, आणि तशात हा माणूस मागे वळून बघतोय! ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

हे सगळ्यांत सुंदर करायचे पीटर कॉलिन्स आणि ख्रिस मॉर्टन. दोघांनीही आपल्या उमेदीची वर्षं बेल व्ह्यूला दिली. छातीवर किलवरचा एक्का, कारण संघाचं नावच एसेस. कॉलिन्सची सुरुवात अनेकदा मागून व्हायची, पण मग तो बाहेरच्या कुंपणाला लागून असा काही सुटायचा की आम्ही बायकासुद्धा बाकावर उभ्या राहायचो. 1976 साली पोलंडमधल्या खोझूफला तो जगज्जेता झाला, तेव्हा 22 वर्षांचा होता. पुढच्या वर्षी फायनलच्या तोंडावर त्याचा पाय मोडला. तशा पायाने तो गॉथेनबर्गला उतरला आणि दुसरा आला. वॉर्डात प्लॅस्टरमधल्या पेशंटला पाय हलवू नका म्हणून दटावणारी मी, त्या रात्री बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. मला सगळ्यांत प्रिय आहे ते 1984. इटलीत लोनिगोला जोड्यांची जागतिक स्पर्धा झाली. त्यात इंग्लंडसाठी जिंकले ते कॉलिन्स आणि मॉर्टन, म्हणजे आमच्याच शनिवारच्या ट्रॅकवरची जोडी.

सर्वांत मोठा कोण म्हणाल तर इव्हान माउगर. त्याच्या नावावर सहा जगज्जेतेपदं आहेत, शेवटचं मिळालं तेव्हा चाळिशी महिन्यावर आली होती. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चचा. तिथलेच रॉनी मूर आणि बॅरी ब्रिग्ज. तिघांचे मिळून 12 किताब, एका गावातून! मी जायच्या आधी माउगर बेल व्ह्यूचा कप्तान होता. मी पाहिला तो एक्सिटरच्या संघाकडून पाहुणा म्हणून आलेला. शर्यत सुटते त्या गेटपाशी आला की बुटाने माती दाबून, सारखी करून चाकापुरती जागा बनवायचा. समोर आडवी लावलेली टेप वर गेली की शर्यत सुटते; ती वर जायच्या क्षणी तो पुढे असायचा. त्याच्याविषयी मनात आदर होता. जीव मात्र कॉलिन्सवर.

बाईंच्या आठवणी माझ्याहून खोल होत्या. त्या लग्नाआधीपासून जात होत्या. 1936 साली वेंब्लीला पहिली जागतिक फायनल झाली. बेल व्ह्यूचा एरिक लँगटन बरोबरीनंतरच्या निकाली शर्यतीत ऑस्ट्रेलियाच्या लायोनेल व्हॅन प्रागकडून हरला. चाळीस वर्षांनीही ते सांगताना त्यांचा आवाज चढायचा. पीटर क्रेव्हनचं नाव आलं की मात्र त्या हळू बोलायच्या. लहान चणीचा, गाडीवर मांजरासारखा तोल सांभाळणारा, दोनदा जगज्जेता झालेला मुलगा. सप्टेंबर 1963 मध्ये एडिनबराला समोरच्या रायडरला चुकवायला गेला आणि कुंपणावर आदळला. चार दिवसांनी गेला. 29 वर्षांचा होता. "तो सरळ गेला असता तर वाचला असता," बाई म्हणायच्या. आणि थोडं थांबून, "पण पीटर सरळ गेलाच नसता."

भीती नाही वाटायची का, हेही विचारतात. वाटायची. 1989 साली ब्रॅडफर्डला सांघिक जागतिक फायनलमध्ये मी तिथे होते. पहिलीच शर्यत, पहिलंच वळण, आणि चौघेही खाली. डेन्मार्कचा एरिक गुंडरसन, तीनदा जगज्जेता, हलत नव्हता. एवढ्या मोठ्या मैदानावर आवाज फक्त ॲम्ब्युलन्सच्या दाराचा. अशा शांततेत काय चाललेलं असतं ते मला कामामुळे माहीत होतं, म्हणून मी मान खाली घालून बसले. तो वाचला, पुन्हा चालायला लागला; शर्यत मात्र संपली ती कायमची. त्यानंतरही मी जात राहिले. का, याचं उत्तर माझ्याकडे त्या मागे वळून बघण्याइतकंच आहे.

हाइड रोड तोवर गेलं होतं. शेजारचं प्राणिसंग्रहालय 1977 मध्ये बंद झालं, स्टेडियम 1987 मध्ये. त्या जागी गाड्यांच्या लिलावाचं आवार आलं. संघ जवळच्या कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानावर गेला आणि 2016 मध्ये त्याला स्वतःचं नवं स्टेडियम मिळालं. ते मी फक्त फोटोत पाहिलंय.

हाइड रोडचा शेवटचा दिवस नोव्हेंबरातला. बाईंची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती, त्यामुळे कार्यक्रमपत्रिकेतले चौकोन दोनेक वर्षं मीच भरत होते. प्रत्येक शर्यतीचा क्रम, गुण, बेरीज. बाई शेजारून आकडे सांगायच्या आणि माझ्या बेरजेवर लक्ष ठेवायच्या. शेवटची शर्यत झाली, लोक कुंपणावरून ट्रॅकवर उतरायला लागले, कुणी रुमालात लाल माती बांधून घेत होतं. बाईंनी हात पुढे केला. मला वाटलं आधार हवाय. त्यांना पेन्सिल हवी होती.

ती पत्रिका माझ्या कपाटात आहे. शेवटच्या ओळीतले आकडे वाकडेतिकडे आहेत, दोनदा गिरवलेले.