वॉल्टर टल: युद्धाआधीची वर्षे

वॉल्टर टल हा पहिल्या महायुद्धात मारला गेलेला इंग्लंडचा फुटबॉलपटू आणि लष्करी अधिकारी. त्याच्याविषयी बोलताना तुम्ही रणांगण सोडून तो जिथे फुटबॉल खेळला त्या नॉर्थॅम्प्टनमध्येच का रमता, असे मला अनेकदा विचारले जाते. तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो: त्याचे मरण सर्वांना ठाऊक आहे, त्याचा खेळ मात्र फारसा कोणी विचारत नाही.

टलचा जन्म 1888 मध्ये इंग्लंडमधील फोकस्टन येथे झाला. वडील बार्बाडोसहून आलेले सुतार, आई केंटची. आईवडील दोघेही लवकर गेल्यामुळे वॉल्टर आणि त्याचा भाऊ एडवर्ड यांची रवानगी लंडनच्या बेथनल ग्रीनमधील अनाथाश्रमात झाली. पुढे एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबाने दत्तक घेतले आणि तो दंतवैद्य झाला. वॉल्टर क्लॅप्टन या हौशी संघातून 1909 मध्ये टॉटनहॅम या लंडनच्या व्यावसायिक क्लबकडे गेला आणि संघाबरोबर अर्जेंटिना व उरुग्वेचा दौराही करून आला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिस्टल सिटीविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांतल्या एका टोळक्याने त्याच्या वर्णावरून इतकी गलिच्छ शिवीगाळ केली, की एका वार्ताहराने वृत्तान्तात त्या लोकांचा जाहीर निषेध करून टलच्या संयमाची वाखाणणी केली. संयमाची ही स्तुती मला नेहमीच थोडी खटकते, कारण सोसण्याची अपेक्षा ज्याने शिव्या खाल्ल्या त्याच्याकडूनच केली गेली. पुढे लवकरच तो राखीव संघात गेला आणि टॉटनहॅमसाठी लीगमध्ये त्याचे अवघे दहा सामने झाले.

1911 मध्ये प्रशिक्षक-व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी त्याला नॉर्थॅम्प्टन टाऊन या क्लबमध्ये आणले. पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनल या क्लबांना विजेतेपदे मिळवून देणारे चॅपमन ते हेच. आघाडीच्या फळीत खेळणारा टल तिथे हाफबॅक, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, म्हणून स्थिरावला आणि शंभराहून अधिक सामने खेळला. एका खेळाडूची पारख करून त्याला योग्य जागी उभे केले म्हणजे काय होते, हे पाहायचे असेल तर ही तीन वर्षे पाहावीत. माझे तिथे रमणे ते यासाठीच.

युद्धाचे थोडक्यात सांगतो. डिसेंबर 1914 मध्ये तो मिडलसेक्स रेजिमेंटच्या 'फुटबॉल बटालियन' या फुटबॉलपटूंच्या तुकडीत दाखल झाला आणि फ्रान्समधील सोमच्या लढाईत लढला. युरोपीय वंशाच्या नसलेल्यांना अधिकारपद द्यायचे नाही, असा लष्कराचा दंडक असतानाही मे 1917 मध्ये तो सेकंड लेफ्टनंट झाला. इटलीच्या आघाडीवरील धैर्याबद्दल वरिष्ठांनी त्याची प्रशंसा केली. 25 मार्च 1918 रोजी, जर्मनांच्या वसंतातील चढाईत, फ्रान्समधील फाव्रेईजवळ तो मारला गेला. लेस्टर फॉस या फुटबॉल क्लबचा माजी गोलरक्षक असलेल्या बिलिंगहॅम या शिपायाने प्रयत्न करूनही त्याचा देह परत आणता आला नाही. फ्रान्समधील आरासच्या युद्धस्मारकावर टलचे नाव आहे.

त्याला मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मरणोत्तर मिळावे, अशी मागणी आजही होते. ती न्याय्यच आहे. पण पदक मिळाले तरी ते सैनिकाला मिळेल. हाफबॅकची आठवण ठेवण्याचे काम नॉर्थॅम्प्टननेच 1999 मध्ये आपल्या मैदानाबाहेर स्मारक उभारून केले.