माझा अनुभव: टोनो घड्याळाची काच आणि व्यासाचा रकाना

‘काचेचा व्यास (मिलिमीटर)’. या एका रकान्यावर माझं घड्याळ कितीतरी आठवडे अडकून पडलं होतं. काच बसली, घड्याळ परत मनगटावर आलं, तरी तो रकाना आठवला की अजून डोकं तापतं.

घड्याळ टोनो आकाराचं आहे. उभं पिंप समोरून दिसतं तसं, मधे फुगीर आणि वर-खाली निमुळतं. कार्टिये या फ्रेंच कंपनीने १९०६ मध्ये मनगटी घड्याळाला दिलेला हा आकार मला सगळ्यांत देखणा वाटतो. त्यात माझ्या घड्याळाची केस, म्हणजे बाहेरची धातूची पेटी, मनगटाच्या वळणाने वाकलेली आहे, म्हणून काचही लांबीत वळलेली. तिला कोपऱ्यात तडा गेला.

दुरुस्ती केंद्राचा अर्ज ऑनलाइन होता. मॉडेल, तक्रार, फोटो, सगळं भरून झालं आणि मग तो रकाना आला. रिकामा ठेवला तर अर्ज पुढे जाईना. लांबी गुणिले रुंदी लिहिली तर ‘फक्त एक संख्या लिहा’. म्हणून रुंदी लिहिली आणि शेऱ्यात स्पष्ट नोंदवलं की काच गोल नाही, आकाराचा फोटो जोडला आहे. उत्तरात काय यावं? त्या मापाच्या गोल काचेचं अंदाजपत्रक! मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा व्यासच विचारला, आणि सोबत व्यास कसा मोजावा याचं चित्र पाठवलं. चित्रात अर्थातच वर्तुळ. फोनवरचा माणूस नम्र होता, पण समोरच्या पडद्यावर आकडा भरल्याशिवाय त्याला काहीच करता येत नव्हतं. त्यानंतरचं पत्र तर कहर होतं: ही काच यादीत नाही, पूर्ण सर्व्हिस आणि केसला पॉलिश करून घेणार असाल तरच घड्याळ पाठवा.

माझा राग उशिराबद्दल नव्हता. गोल काच आणि आकाराची (म्हणजे गोल नसलेली) काच ही दोन वेगळी कामं आहेत, आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांनी हे विसरावं हे मला पटत नाही. जुन्या गोल घड्याळाची ॲक्रिलिकची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) काच पंजासारख्या हत्याराने किंचित आवळतात, खाचेत बसवतात आणि सोडतात. ती फुलते आणि स्वतःच्या ताणावर घट्ट राहते, कारण वर्तुळात दाब सगळीकडून सारखा असतो. अशा काचा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या फरकाने तयार मिळतात. चौकोनी किंवा टोनो काचेत हा दाब सारखा वाटलाच जात नाही. तिची कड केसच्या खाचेशी तंतोतंत जुळावी लागते आणि ती गोंदाने किंवा गॅस्केटने (फटीत दाबून बसवायच्या लवचिक पट्टीने) धरावी लागते. वळलेली नीलमण्याची काच (कृत्रिम नीलमण्याची, म्हणजे सफायरची) असेल तर आणखी कठीण, कारण नीलमणी काच वाकवत नाहीत, जाड तुकड्यातून हिऱ्याच्या भुकटीने घासून तो बाक काढतात. हे सगळं एका ‘व्यासा’त कसं मावणार?

आकाराच्या घड्याळांत काच ही नेहमीच नाजूक बाजू राहिली आहे. जेगर-लकूल्त्र या स्विस कंपनीचं रिव्हर्सो १९३१ मध्ये आलं ते याच कारणाने. भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत, म्हणून केसच उलटी फिरेल अशी केली आणि धातूची पाठ बाहेर आणली. हॅमिल्टनचं १९५७ चं त्रिकोणी व्हेंचुरा किंवा कार्टियेचं १९६७ चं वेडंवाकडं क्रॅश घेऊन कोणी या अर्जासमोर बसला तर त्याने काय लिहायचं?

गाठ सुटली ती एका स्वतंत्र घड्याळजींमुळे. त्यांनी मागचं झाकण उघडून आत कोरलेला केसचा क्रमांक मला लिहून दिला. व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या सरकत्या पट्टीने) लांबी, मधली रुंदी, टोकांची रुंदी, जाडी आणि बाकाची उंची मोजली, कागदावर कडेची रेघही काढून दिली. हे सगळं जोडून मी ग्राहक सेवेला वगळून थेट कार्यशाळेच्या नावाने पत्र धाडलं. तिथल्या तंत्रज्ञाचा दुसऱ्याच दिवशी फोन आला: ‘रकान्यात शून्य लिहा, अर्ज आपोआप आमच्याकडे येतो.’ शून्य! हे अर्जावर छापायला काय हरकत होती? पुढचं सगळं सुरळीत झालं.

तुमच्यावर ही वेळ आली तर केसचा तो क्रमांक आधी मिळवा, बाकी सगळं नंतर. ‘केसला पॉलिश करू नये’ हे लेखी घ्या. गोल केस घासली तर फारसं कळत नाही, पण आकाराच्या केसचा जीव तिच्या धारदार कडांत असतो. त्या एकदा गुळगुळीत झाल्या की परत येत नाहीत. मी यावर शेवटपर्यंत अडून राहिलो आणि त्याचा मला अभिमान आहे.

हो, तडा गेल्याबरोबर काचेवर चिकटपट्टी लावा आणि घड्याळाला चावी देणं थांबवा. काचेचा कण काट्यांखाली गेला तर डायलवर ओरखडा उठतो, यंत्रात गेला तर खर्च कुठल्या कुठे जातो.

नवी काच बसली म्हणून पाण्यात मात्र घालू नका. गोल केसचं झाकण आटे फिरवून सगळीकडून सारखं आवळता येतं. चौकोनी केसला ती सोय नाही, कोपऱ्यांत गॅस्केट नीट दबत नाही. ह्यूअर या स्विस कंपनीच्या मोनॅको घड्याळाची चौकोनी केस १९६९ मध्ये पाणीरोधक निघाली तेव्हा तिचं एवढं कौतुक झालं ते उगाच नाही.

आणि जुनी काच परत मागून घ्या, फुटकी असली तरी. पुढच्या वेळी माप घ्यायला तीच उपयोगी पडते. मी मागितली, त्यांनी काही न बोलता दिली.